गोव्यात नोकरी लागली, बिऱ्हाड कुठे करायचे?

बेळगावकराला गोवा कधीच परका नव्हता. आपल्या मार्केटातली भाजी रोज पहाटे टेम्पोत बसून चोर्ला घाट उतरते. सणासुदीला गोवेकर खरेदीसाठी खडेबाजार, गणपत गल्लीत गर्दी करतात आणि मे महिन्यात आपली पोरेबाळे मिरामारच्या वाळूत किल्ले करतात. ज्या घरात गोव्याला नोकरी करणारा कुणी पुतण्या, भाचा, जावई नाही असे घर आपल्याकडे शोधावेच लागेल. परंतु गोव्याला जाणे वेगळे आणि गोव्यात बिऱ्हाड करणे वेगळे. पहिल्याला दोन दिवसांची सुट्टी पुरते. दुसऱ्यासाठी काय काय लागते याचा पुरता अंदाज मला स्वतःला गेल्या वर्षी आला.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात लागला. हातात पडणारा पगार अडतीस हजार. सूनबाई धारवाडकडची, इथे खासगी शाळेत शिकवायची. नात पाचवीत. अक्का वडगावातल्या कौलारू घरात राहते. त्या घरात सकाळी मराठी ऐकू येते, दुपारी कन्नड आणि रात्री भांडण लागले तर दोन्ही. पहिले चार महिने भाच्याने वेर्ण्याजवळ इतर तिघांबरोबर खोलीत काढले. मग एके दिवशी घरात विषय निघाला, की वडगावचे घर विकून गोव्यात फ्लॅट घ्यावा आणि सगळ्यांनी तिकडेच जावे. अक्काने मला फोन केला. "तू शिकलेली हाईस, चार लोकं ओळखतेस. बघून ये बाई एकदा, नि खरं काय ते सांग."

माझे काही जुने विद्यार्थी गोव्यात शिक्षकी करतात. त्यांच्या भरवशावर दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतरचे तीन रविवार मी, भाचा आणि सूनबाई गोवाभर हिंडलो. जे पाहिले ते इथे मांडते आहे, कारण हाच प्रश्न पडलेली अनेक घरे आपल्या वाचकांत असणार.

आधी गोवा इतका महाग का, ते समजून घेऊ. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एकटा बेळगाव जिल्हा १३,४१५, म्हणजे साडेतीन पटींहून मोठा. त्या चिमुकल्या राज्यातून सह्याद्रीची अभयारण्ये वजा करा, किनाऱ्यावरची बांधकामबंदी वजा करा, भातशेती आणि खाजणे वजा करा. घर बांधता येईल अशी जी जमीन उरते तिच्यावर दिल्ली, मुंबई, बंगळूरच्या पैसेवाल्यांचा डोळा आहे. वर्षातून पंधरा दिवस राहण्यासाठी ते फ्लॅट घेतात आणि उरलेले दिवस पर्यटकांना रोजाच्या भाड्याने देतात. महिन्याच्या भाड्यावर राहणारा नोकरदार अशा मालकाला का हवासा वाटावा? दोन दिवसांत जे मिळते तेवढे हा पंधरवड्याला देणार! किनाऱ्याकडच्या गावांत महिन्याचे भाडेकरू मागे का पडले, त्याचे कारण एवढेच आहे.

यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भाड्याचा नकाशा आणि इतिहासाचा नकाशा गोव्यात बराचसा एकच आहे. पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी (त्यातच आजचे मुरगाव) हे महाल सोळाव्या शतकात घेतले. त्यांना जुन्या काबिजादी म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे गेले. त्या नव्या काबिजादी. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को ही मोठी गावे आणि बहुतेक प्रसिद्ध किनारे जुन्या काबिजादीत येतात, आणि आजची महागाईही तिथेच. नव्या काबिजादीत देवळे टिकली, मराठी टिकली आणि आजवर भाडीही जरा माणसात राहिली. पेडणे मात्र आता या हिशेबातून निसटते आहे. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, आणि हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्याची महागाई आत डोंगराकडे सरकू लागली.

आता गावोगावचे. भाड्याचे आकडे आम्हाला समोरासमोर सांगितले गेलेले आहेत. घराघराप्रमाणे ते बदलतील.

पर्वरीला दोन खोल्या-स्वयंपाकघर असा साधा फ्लॅट पाहिला, पंचवीस हजार. भाचा माझ्याकडे बघून हसला आणि आम्ही चहासुद्धा न घेता निघालो. पणजीत तर विचारलेच नाही.

वास्कोला सूनबाईचा जीव रमला. बायणा, मांगोर, झुआरीनगर भागात कन्नड कानावर पडते, बाजारात "एष्टु" विचारले तर उत्तर कन्नडमध्येच येते. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कन्नड मातृभाषा सांगणारे सुमारे पावणेपाच टक्के होते, मराठी सांगणारे सुमारे अकरा टक्के. वेर्णाही तिथून जवळ. भाडे चौदा-पंधरा हजारांपासून पुढे. पण बंदरावर उतरणाऱ्या कोळशाच्या धुळीची तक्रार वास्कोकर वर्षानुवर्षे करीत आले आहेत, आणि आम्ही पाहिलेल्या घराच्या गॅलरीत बोट फिरवले तर बोट काळे झाले. नातीला थंडीत दम लागतो. तो विषय तिथेच संपला.

मडगाव सर्व सोयींचे. रेल्वे आहे, बाजार आहे, जिल्हा रुग्णालय आहे आणि वेर्णा दहा-बारा किलोमीटरवर. ज्या घरात दोन पगार येतात त्यांनी फातोर्डा, नावेली बाजूला जरूर बघावे. एका पगारात सतरा-अठरा हजार भाडे देणे म्हणजे निम्मा पगार घरमालकाचा. सूनबाईने तिथेच तिच्या आईची म्हण ऐकवली, "हासिगे इद्दष्टु कालु चाचबेकु." आपल्या अंथरूण पाहून पाय पसरण्याची हीच जुळी बहीण.

मग आम्ही उलट टोकाला गेलो, चोर्ल्याच्या पायथ्याला. साखळी आणि वाळपई. बेळगावहून घाट उतरला की केरी आणि मग साखळी. घरून निघून अडीच तासांत माणूस पोचतो. भाडे आठ हजार, घरापुढे अंगण, आंब्याचे झाड, मालकीणबाई शुद्ध मराठीत बोलणाऱ्या. भाच्याने तिथेच होकार भरला असता. मी त्याला पेन काढायला लावले. साखळी ते वेर्णा जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटर. दुचाकीला दोन लिटर पेट्रोल, म्हणजे दोनशे रुपये. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर पाच हजार. घराचे आठ आणि रस्त्याचे पाच, झाले तेरा. शिवाय रोज अडीच-तीन तास दुचाकीवर, त्यातले चार महिने पावसात. सत्तरीचा पाऊस म्हणजे आपल्या खानापूर-कणकुंबीच्या पावसाचा सख्खा भाऊ. स्वस्त घर दूर असेल तर उरलेले भाडे पेट्रोल पंपावर भरावे लागते, फरक इतकाच की त्याची पावती कुणी मागत नाही.

(वाळपईत चहा पिताना दुकानदाराने विचारले, "तुमी खंयचे?" बेळगावचे म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आमचे पाणी नेणारे!" म्हादईचा तंटा. लवादाचा निवाडा २०१८ च्या ऑगस्टमध्ये आला, तरी चहाच्या टपरीवर तो अजून चालूच आहे. मी म्हटले, "पाणी राहू दे, आधी चहाचे पैसे घ्या." तो हसला. या भागात राहायचे तर हा प्रश्न वारंवार येणार, आणि हसून घेण्याची सवय लागणार.)

ज्याची नोकरी डिचोली, होंडा किंवा पिसुर्लेच्या कारखान्यात आहे त्याने मात्र साखळी-वाळपई सोडून दुसरीकडे बघूच नये. तसेच मोपा किंवा तुये वसाहतीत काम असणाऱ्याला पेडण्याची आतली गावे किंवा महाराष्ट्राच्या हद्दीतले बांदा, म्हापसा-डिचोलीत काम असणाऱ्याला दोडामार्ग, हा विचार चुकीचा नाही. दोडामार्गला भाडे आणि जमीन दोन्ही गोव्यापेक्षा स्वस्त आहे. परंतु तिथे राहणारा माणूस कागदावर महाराष्ट्राचा राहतो. गोव्यातल्या सरकारी सवलती त्याला नाहीत. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांना २०१८ च्या जानेवारीपासून शुल्क लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गातून केवढा ओरडा झाला होता, हे आपल्याला आठवत असेल. सीमेवर राहण्याचे सुखदुःख आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

दक्षिणेला कुडचडे आणि केपे पाहिले. खाणींच्या दिवसांत कुडचडे-सावर्डे भागात ट्रकमालकांची चलती होती. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्या तेजीत बांधलेली मोठाली घरे आज भाड्याने मिळतात, नऊ-दहा हजारांत ऐसपैस जागा. लोंढ्याहून येणारी रेल्वे याच गावातून मडगाव-वास्कोला जाते, म्हणजे बेळगावशी रुळांचा संबंध. साळावलीचे धरण जवळ असल्यामुळे पाण्याची फार ओरड ऐकू आली नाही. वेर्णा अठ्ठावीस-तीस किलोमीटर. खाणी पूर्ण जोराने परत सुरू झाल्या तर धूळ आणि ट्रकही परततील, हे लक्षात ठेवूनच तिथे जावे. आमच्या यादीत कुडचड्याचा नंबर दुसरा लागला.

पहिला फोंड्याचा. का, ते जरा सविस्तर सांगते.

फोंडा गोव्याच्या साधारण मध्यावर आहे. पणजी तीस किलोमीटर, मडगाव वीसेक, बोरीच्या पुलावरून वेर्णा पाऊण तास. भाच्याच्या कंपनीची बस फोंड्याहून सुटते, त्यामुळे पेट्रोलचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. ही बाब कागदावर छोटी वाटते, पण महिन्याच्या हिशेबात ती वीज आणि दूध दोन्हींचे बिल भागवते. ज्यांना गोव्यात कारखान्यात नोकरी लागली आहे त्यांनी भाड्याचे घर बघायच्या आधी कंपनीची बस कुठून कुठून सुटते ते विचारावे. निम्मा शोध तिथेच संपतो.

दुसरे कारण आपल्या बेळगावकरांचे खास. फोंड्याला दोन घाट हाताशी आहेत. एक रस्ता तिस्क-उसगाव, मोले, अनमोड, रामनगर, लोंढा, खानापूर असा. दुसरा उसगावहून होंडा, साखळी, केरी आणि चोर्ला. २०२५ च्या जुलैत अनमोड घाटाचा रस्ता दूधसागर देवळाजवळ खचला तेव्हा अवजड वाहतूक अडली. कधी चोर्ल्यात झाड पडते, कधी दरड येते. म्हाताऱ्या आईला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि एक घाट बंद असला, तर दुसऱ्याने निघता यावे. भाचा म्हणाला, "मावशी, हे डोक्यातच आलं नव्हतं." कसे येणार? फ्लॅट विकणाऱ्या जाहिरातीत समुद्र किती मिनिटांवर आहे ते छापतात, आई किती तासांवर आहे ते नाही.

तिसरे भाषेचे. फोंडा म्हणजे अंत्रुज महाल. सासष्टी-तिसवाडीतून हलवलेले देव इथे विसावले. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, नागेशी ही सारी देवळे याच तालुक्यात. जत्रेत मराठी नाटके होतात, ती गावातले डॉक्टर, शिक्षक, दुकानदार मिळून करतात, आणि राजीव गांधी कला मंदिरात वर्षभर काही ना काही चालू असते. सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी माध्यमाच्या, काही कोकणीच्या. पणजीत मराठी बोलणारा पाहुणा वाटतो. फोंड्यात तो शेजारी वाटतो.

कुर्टी, ढवळी, बांदोडा अशा बाजूंना घरे पाहिली. पहिले तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला खिडक्या आणि डोक्यावर स्लॅब. दुपारी दोनला आत पाय टाकला आणि सूनबाई मागे फिरली. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, आपल्याला पंखासुद्धा वर्षातले चार महिने लागतो. गोव्यात उकाडा घामाचा. एसी लावला तर विजेचे बिल, न लावला तर झोप नाही. म्हणून वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळावी. तळमजला घेतला तर पावसाळ्यात भिंतीला ओल येते, कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते आणि कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. मधला मजला, शेजारी झाड आणि कपडे वाळत घालायला आडोसा असलेली गॅलरी, या तीन गोष्टी भाड्यापेक्षा आधी बघाव्यात. आम्हाला तसे घर तेरा हजाराला मिळाले. दोन महिन्यांची अनामत, अकरा महिन्यांचा करार. मालक भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करतो. त्यासाठी आधार कार्ड, फोटो, नोकरीचे पत्र देताना कुणी राग मानू नये, तो तिथला रिवाज आहे.

भाजीचे सांगायलाच हवे. गोवा फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर बाजारापेक्षा स्वस्त भाजी मिळते. सूनबाईने पहिल्या दिवशी कोबी उचलला आणि विचारले, "कुठला?" उत्तर आले, "बेळगावचो." वडगावच्या घराच्या मागे पिकणारी भाजी शंभर किलोमीटर उतरून परत तिच्याच हातात आली होती.

हे झाले सोयीचे. आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते तिकडे येते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाला काही वर्षे अशी काढावी लागतात, की जुने राज्य त्याला आपला म्हणत नाही आणि नवे अजून म्हणायला तयार नसते. या मधल्या वर्षांचा हिशेब कुणी मांडत नाही.

उदाहरणे द्यायची तर, कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. ती शक्ती योजना राज्यातल्या रहिवाशांसाठी. आधार कार्डावर फोंड्याचा पत्ता आला की सूनबाईला धारवाडला माहेरी जाताना तिकीट काढावे लागणार. गोव्यात गृहिणींना महिन्याला पैसे देणारी गृह आधार योजना आहे, पण तिला पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट. उपचारांसाठीची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तिला पाच वर्षांची. सरकारी नोकरीला पुन्हा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला. सूनबाई बी.एड. आहे, तिने सरकारी शाळेची आशा मनातून काढून टाकावी आणि खासगी शाळेतच प्रयत्न करावा, हे मी तिला स्पष्ट सांगितले. जातीच्या दाखल्यावरच्या सवलतीही राज्य बदलले की तशाच मिळत नाहीत.

नातीचा प्रश्न याहून नाजूक. कर्नाटकातल्या सीईटीसाठी साधारण नियम असा, की पहिली ते बारावीमध्ये किमान सात वर्षे राज्यात शिकलेले असावे. नातीची इथे पाचच वर्षे झाली. आईवडिलांच्या वास्तव्यावर आधारलेली वेगळी कलमे आहेत, ती नीट वाचून घ्यावी लागतील. गोव्यातल्या व्यावसायिक प्रवेशांनाही वास्तव्याच्या आणि शिक्षणाच्या अटी आहेत. म्हणजे मूल हलवायचे तर लवकर हलवावे आणि मग बारावीपर्यंत तिथेच ठेवावे. दहावीच्या तोंडावर हलवणे सर्वांत वाईट. आणखी एक, गोव्यात २०२५ पासून सहावी ते दहावीचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झाले. आपल्याकडच्यासारखे मेअखेरीस जाऊ म्हणणारा दोन महिने मागे पडतो. आम्ही मार्चमध्येच घर घेतले ते यासाठी.

गाडीचेही असेच. केए-२२ ची पाटी लावून गोव्यात बारा महिन्यांच्या वर राहिले की नवी नोंदणी आणि तिथला रस्ता कर भरावा लागतो. त्यासाठी बेळगावच्या आरटीओचे ना-हरकत पत्र लागते. जुनी गाडी असेल तर कराची रक्कम आधी विचारून घ्यावी, कधी कधी गाडी विकणे सोपे पडते.

या मधल्या वर्षांत हातातले घर विकून टाकणे मला धोक्याचे वाटते. अक्काने घर विकायचे म्हटले की जावेपासून दलालापर्यंत सर्वांचे उत्तर ठरलेले, "विका आणि तिकडे घ्या, भाव वाढतच जाणार." भाव वाढतील, मान्य. पण गोव्यात घर किंवा जमीन घेणे आपल्याकडच्यासारखे सरळ नाही. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे. लग्नानंतर सर्वसाधारणपणे मालमत्तेत नवरा-बायको दोघांचाही वाटा धरला जातो, त्यामुळे विक्रीला दोघांच्या सह्या लागतात. जुन्या घराचे वारस मुंबई, लिस्बन, लंडनपर्यंत पसरलेले असतात. त्या सगळ्यांची वाटणी इन्व्हेंटरीच्या कोर्टप्रक्रियेने झाली आहे की नाही ते पाहावे लागते. आपल्या सात-बाराच्या जागी तिथे एक व चौदाचा उतारा. त्यात कूळ किंवा मुंडकाराचे नाव असेल तर थांबायचे. बिनशेतीची सनद आणि प्रादेशिक आराखड्यातला विभाग, दोन्ही तपासायचे. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही "पुढे बिनशेती होईल" म्हणून तसले तुकडे दाखवणारे आपल्याला बेळगावात बसून भेटतात. सत्तरीत आल्वारा जमिनींचा आणि म्हादई अभयारण्यालगतच्या गावांचा प्रश्न वेगळाच. खोट्या कागदांवर जमिनी बळकावण्याचे प्रकार इतके वाढले, की २०२२ मध्ये गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. तिथल्याच वकिलाकडून, आणि तो विकणाऱ्याने सुचवलेला नसावा, कागद तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अनगोळचा प्लॉट विकून गोव्यात बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला. ताबा दोन वर्षे लांबला. तोवर इकडे घर नाही, तिकडे भाडे चालू, आणि बँकेचा हप्ता वेगळा. नवरा-बायकोची बोलाचाली आमच्या घरापर्यंत ऐकू यायची.

आणखी एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते, पण लिहिते. गोव्यात घाटावरून आलेल्या माणसाला घाटी म्हणतात. कधी सहज, कधी हिणवून. मराठी बोलणाऱ्याला ते जरा कमी लागते, कन्नड बोलणाऱ्याला जास्त. मासळी बाजारात सूनबाईने फोनवर आईशी कन्नडमध्ये बोलणे सुरू केले आणि मागून कुणीतरी तो शब्द टाकला. तिला अर्थ माहीत होता. ती घरी येईपर्यंत काही बोलली नाही. रात्री म्हणाली, "मावशी, बेळगावात मला कन्नड म्हणून ऐकून घ्यावं लागतं, यांना मराठी म्हणून. इथं दोघांना मिळून एकच शब्द आहे, हे बरं." मला हसू आले आणि वाईटही वाटले. न्यायाने हेही सांगायला हवे, की त्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी तिला शिजवलेली खतखतें आणून दिली आणि दर दोन दिवसांनी कोकणीचा एक नवा शब्द शिकवायचा विडा उचलला. नात त्यांच्याकडून आईपेक्षा वेगाने शिकते आहे.

शेवटी काय ठरले? फोंड्यात भाड्याचे घर, भाचा-सून-नात तिकडे. अक्का वडगावातच, रेशन कार्डावर आपले नाव राखून. दर दुसऱ्या शनिवारी भाचा येतो, कधी अनमोडने, कधी चोर्ल्याने, आणि येताना पावाची पिशवी आणतो. घराच्या मागची खोली एका विद्यार्थिनीला भाड्याने दिली आहे. त्यातून फोंड्याच्या भाड्यातले तीन हजार निघतात आणि रात्री अक्काला सोबत होते. सूनबाईला जूनमध्ये एका खासगी शाळेत नोकरी लागली, पगार थोडा, पण शाळा चालत जाण्याच्या अंतरावर.

अक्का अजून अधूनमधून विचारते, "विकायचं की नाही?" भाड्याचा करार पुढच्या फेब्रुवारीत संपतो, गाडीच्या नोंदणीची मुदतही त्याच सुमारास येते. तेव्हा पुन्हा सगळे बसून हिशेब मांडायचा ठरले आहे. दलाल गेल्या रविवारीही येऊन गेला. अक्काने त्याला चहा दिला आणि फेब्रुवारीनंतर या म्हणून सांगितले.